न्यू जर्सीत स्वयंसेवक व्हायचंय: आगीचा बंब की अ‍ॅम्ब्युलन्स?

गेल्या महिन्याभरात तिघांनी मला हाच प्रश्न विचारला. तिघंही आयटीतले, चाळिशीच्या आगेमागे, मुलं थोडी मोठी झालेली, आणि 'इतकी वर्षं इथे राहतोय, गावासाठी काहीतरी करावं' असं मनात घेतलेले. गावच्या फायर कंपनीबाहेर, म्हणजे स्वयंसेवकांच्या अग्निशमन पथकाबाहेर, 'स्वयंसेवक हवेत' असा फलक आहे आणि अ‍ॅम्ब्युलन्स चालवणाऱ्या फर्स्ट एड स्क्वॉडबाहेरही तसाच. नोकरी आणि घर सांभाळून दोन्ही जमत नाही. मग नाव कुठे द्यायचं? मी साडेतीन वर्षं फायरमध्ये काढली आणि गेली सहा वर्षं अ‍ॅम्ब्युलन्सवर ईएमटी (गाडीवर प्राथमिक उपचार करणारा प्रशिक्षित माणूस) आहे, म्हणून जे पाहिलं ते लिहितोय. हा अनुभव मध्य जर्सीतल्या एका गावाचा आहे. तुमच्याकडे थोडंफार वेगळं असेल.

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी हा प्रश्नच येत नाही. पगारी अग्निशामकाला तिथे ईएमटीही व्हावंच लागतं, कारण फायर खात्याला येणाऱ्या दर शंभर कॉल्सपैकी साठ-पासष्ट वैद्यकीय असतात आणि खरीखुरी आग जेमतेम चारेक वेळा. तुमचा मुलगा किंवा मुलगी यात करिअर करायचं म्हणत असेल तर त्यांनी निवडत बसू नये, आधी ईएमटीचा कोर्स करून टाकावा. आपल्या राज्यात मात्र पुष्कळ गावांत फायर वेगळं आणि अ‍ॅम्ब्युलन्स वेगळी, दोघांची इमारत वेगळी, पेजर वेगळा, मंडळीही वेगळी. त्यात पॅरामेडिक, म्हणजे ईएमटीपेक्षा वरचं प्रशिक्षण घेतलेले, हॉस्पिटलचे असतात आणि ते त्यांच्या स्वतंत्र गाडीतून येतात. त्यामुळे स्क्वॉडचा ईएमटी सलाईन लावत नाही. ऑक्सिजन, झटका देणारं एईडी, अ‍ॅस्पिरिन, अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन, अमली पदार्थांवरचा नार्कनचा फवारा, रक्त थांबवणं, आणि माणसाला नीट उचलून वेळेत पोचवणं, एवढा त्याचा आवाका. पुण्याहून आलेल्या माझ्या वडिलांना हे पटेना. "आमच्याकडे १०८ मध्ये डॉक्टर असतो," म्हणाले. खरं आहे. महाराष्ट्रात २०१४ साली ती सेवा सुरू झाली तेव्हापासून गाडीत डॉक्टर असतो. इथली घडी वेगळी आहे, एवढंच मी त्यांना सांगू शकलो.

मी आधी फायरकडे का गेलो, तेही सांगतो. माझं लहानपण भायखळ्याचं, मुंबई अग्निशमन दलाच्या मुख्यालयापासून चालत पाच मिनिटांवर. आगीचा बंब निघाला की आम्ही पोरं गॅलरीत धावायचो. १४ एप्रिलला आजोबा हटकून गोदीच्या स्फोटाची गोष्ट सांगायचे. १९४४ साली फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं आणि ६६ अग्निशामक गेले, त्या धक्क्याने आमच्या चाळीच्या काचा कशा खाली आल्या, हे सगळं. त्यामुळे इथे फलक पाहिल्यावर मी दुसरा विचारच केला नाही.

आता अंगमेहनतीचं. दोन्हींचा कस लागतो, पण शरीराच्या वेगवेगळ्या भागांत.

आगीत सगळं वीस मिनिटांत होतं. जाड पँट, कोट, बूट, हेल्मेट आणि पाठीवर हवेची टाकी, असे पन्नास-साठ पौंड अंगावर असतात, वर हातात कुऱ्हाड किंवा सळई. पावणेदोन इंची होजमध्ये पाणी सोडलं की दर ५० फुटांमागे जवळपास ५० पौंड पाणी असतं, आणि ती जड झालेली होज गुडघ्यावर रांगत, अंधारात, कोपऱ्याकोपऱ्यातून ओढत न्यायची. तीस मिनिटांची म्हणून मिळणारी टाकी मला पंधरा मिनिटंही पुरली नाही. एक तृतीयांश हवा उरली की इशारा वाजतो. कमरेजवळचं यंत्र आपण तीस सेकंद हाललो नाही की किंचाळायला लागतं. पहिल्या प्रशिक्षणात मी भिंतीला टेकून दम खात बसलो होतो आणि ते माझंच वाजतंय हे मला दुसऱ्याने येऊन सांगितलं. पगारी भरतीसाठी जी सीपीएटी नावाची चाचणी असते, तिची सुरुवात ७५ पौंड अंगावर घेऊन तीन मिनिटं जिना चढण्यापासून होते. स्वयंसेवकांना ती बहुधा द्यावी लागत नाही, पण तीन मिनिटांचा तो जिना एकदा जिममध्ये करून पाहा. आपल्याला काय झेपेल याचा अंदाज येतो.

एक गोष्ट मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. कामावर असताना दगावणाऱ्या इथल्या अग्निशामकांमध्ये वर्षानुवर्षं सगळ्यात मोठं कारण हृदयविकाराचा झटका हेच आहे, भाजणं किंवा छप्पर कोसळणं नव्हे. आणि आपल्या लोकांना हृदयविकार इतरांपेक्षा लवकर गाठतो. चाळिशीत फायरला नाव देणार असाल तर कंपनीच्या तपासणीवर थांबू नका, स्वतःच्या डॉक्टरकडे जाऊन स्ट्रेस टेस्ट करून घ्या. दुसरं धुराचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचं कामच कर्करोगकारक म्हणून वरच्या गटात टाकलं. काजळलेला कोट पूर्वी मानाने मिरवायचे, आता आगीहून आल्यावर लगेच मान पुसायची, अंघोळ करायची, कोट धुवायला टाकायचा. माझ्या केसांना दोन दोन दिवस वास यायचा.

अ‍ॅम्ब्युलन्सचं काम कंबर मागतं. स्ट्रेचरला आता बॅटरी आहे, ते आपोआप वर-खाली होतं, पण ते जिन्यात शिरत नाही. मध्य जर्सीतल्या गार्डन अपार्टमेंट्समध्ये लिफ्ट नसते. तिसऱ्या मजल्यावरून अडीचशे पौंडांच्या माणसाला खुर्चीवर बांधून, एक वर एक खाली, असं उतरवायचं. खालच्याला उलट्या पावलांनी यावं लागतं. त्याच्या पाठीवर कुणीतरी हात ठेवून "अजून एक पायरी, आता वळण" असं सांगत राहतं. वळणावर खुर्ची तिरकी होते तेव्हा सगळं वजन मनगटावर येतं आणि तेवढ्यात पेशंट घाबरून कठडा पकडतो. मी प्रत्येकाला आधीच सांगतो, "हात छातीशी धरा, काही झालं तरी कठडा धरू नका." छातीवर दाब देणं बाहेरून सोपं दिसतं. मिनिटाला शंभर ते एकशेवीस, किमान दोन इंच खोल, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. दुसऱ्या मिनिटाअखेर माझे दंड थरथरत असतात. तरीही हे सगळं मला फायरपेक्षा जास्त झेपलं. माझी कंबर अजून शाबूत आहे, गुडघे मात्र फायरमध्येच कुरकुरायला लागले. कुणाचं उलटंही असेल.

चष्मेवाल्यांसाठी आणि दाढीवाल्यांसाठी एक ओळ: हवेचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसायला लागतो, म्हणून फायरमध्ये दाढी चालत नाही आणि चष्म्याची काडी मास्कच्या कडेत येऊन चालत नाही. मास्कच्या आत बसणारी भिंगं मिळतात, ती वेळेवर मागून घ्या.

माझा निर्णय मात्र यातल्या कशानेच झाला नाही. तो झाला रद्द होणाऱ्या कॉल्समुळे.

रात्री पावणेतीनला पेजर वाजतो. 'ऑटोमॅटिक अलार्म', म्हणजे कुठल्यातरी संकुलातल्या धूरशोधकाने आपणहून कळवलंय. उठायचं, पँट चढवायची, गाडी काढायची, सात मिनिटांत फायरहाऊस. कोट, बूट, हेल्मेट. ट्रकमध्ये पट्टा लावून बसायचं. ट्रक दारातून निम्मा बाहेर पडतो आणि रेडिओवर चीफचा आवाज येतो. तो आपल्या गाडीने थेट पोचलेला असतो: जळलेलं अन्न, सगळे परत फिरा. ट्रक मागे घ्यायचा, कोट खुंटीला लावायचा, नोंदवहीत सही करायची. घरी यायला साडेतीन. झोप उडालेली. नऊला स्टँडअप मीटिंग. कुणाचा चेहरा पाहिलेला नाही, कुणाच्या दाराशी गेलेलो नाही. एका हिवाळ्यात माझ्या वाट्याला असे सलग अकरा आले.

हे असंच असायला हवं, हे मला पूर्ण मान्य आहे. बाराव्या वेळी खरी आग असते आणि त्या वेळी कुणी ट्रकमध्ये बसलेलं नसेल तर लोक मरतात. माझ्या कंपनीतली पंचवीस-तीस वर्षं जुनी माणसं प्रत्येक अलार्मला तितक्याच गंभीरपणे निघत आणि परतताना एकाच्याही तोंडून वैतागाचा शब्द निघत नसे. त्या माणसांबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो कमी होणार नाही. माझ्या मनाची घडण तशी नव्हती.

शिवाय त्या अलार्ममधले बरेचसे आपल्याच लोकांच्या घरचे. एडिसन-आयसेलिनकडच्या संकुलांत संध्याकाळी सात ते नऊ ही ठरलेली वेळ. मोहरी तडतडते, मिरची पडते, धूर होतो, घरातला धूरशोधक ओरडायला लागतो. इथवर काहीच बिघडलेलं नसतं, कारण घरातला तो बहुतेक ठिकाणी घरापुरताच असतो. मग माणूस घाईत पुढचं दार उघडतो, धूर बाहेर जावा म्हणून. तो धूर जिन्यातल्या शोधकाला लागतो, तो इमारतीच्या यंत्रणेला जोडलेला असतो, आणि अख्खी इमारत थंडीत पार्किंगमध्ये उभी राहते. दार उघडू नका, खिडकी उघडा, आणि फोडणीच्या आधी चिमणीचा पंखा लावा. एवढी दोन वाक्यं मी मराठी, हिंदी, गुजरातीत लिहून तीन संकुलांच्या सूचनाफलकांवर लावली. माझ्या साडेतीन वर्षांतली सगळ्यात उपयोगी कामगिरी बहुधा तीच. आणि ती करताना लक्षात आलं की मला माणसांच्या घरात जायचंय, त्यांच्याशी बोलायचंय. ट्रकमध्ये बसून परत फिरायचं नाहीये.

अ‍ॅम्ब्युलन्सवर कॉल रद्द होत नाहीत असं नाही, होतात. पण दहातल्या आठ-नऊ वेळा दार उघडतं आणि आत एक माणूस असतो. हा आकडा मोजलेला नाही, माझ्या अंदाजाचा आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. आमच्या फायर कंपनीत पेजर चोवीस तास, जमेल तेव्हा या. म्हणजे जमेल की नाही हा प्रश्न रोज रात्री, प्रत्येक वेळी. स्क्वॉडमध्ये माझी गुरुवारची रात्र ठरलेली, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. ती रात्र मोडणार हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं आणि बाकीच्या सहा रात्री फोन शांत असतो. बायको फायरच्या वर्षांत माझ्याबरोबर जागी व्हायची आणि मी परत येईपर्यंत जागी राहायची. हे तिने मला फायर सोडल्यावर सांगितलं.

आता एक प्रसंग. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या सत्तरीच्या आजी, मधुमेही. नातवाने ९११ फिरवलं. आम्ही पोचलो तेव्हा आजी सोफ्याच्या कडेवर बसल्या होत्या, पदराने मान पुसत. माझ्या सहकाऱ्याने काय होतंय विचारलं, नातवाने आजीला विचारलं, आजी म्हणाल्या, "घाबरल्यासारखं होतंय." नातू इथेच वाढलेला, मराठी चांगलं समजतं त्याला. त्याने इंग्रजीत सांगितलं की तिला भीती वाटतेय. सहकाऱ्याने नोंद घेतली आणि तो शांतपणे तिला धीर द्यायला लागला. मी खाली बसलो, त्यांचा हात हातात घेतला. हात गार आणि ओला होता.

"आजी, भीती वाटतेय की जीव घाबरा होतोय?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "जीव घाबरा होतोय रे. आणि हे इथे पाटा ठेवल्यागत झालंय. हा हात भरून आलाय मघापासून."

पुढचं सगळं भराभर झालं. पॅरामेडिक मागवले, अ‍ॅलर्जी आणि रक्तस्रावाचं विचारून अ‍ॅस्पिरिनच्या चार छोट्या गोळ्या चघळायला दिल्या, खुर्चीवरून खाली आणलं. पॅरामेडिकने गाडीत ईसीजी काढला आणि हॉस्पिटलला आधीच कळवलं. त्यांना थेट कॅथ लॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या बंद रक्तवाहिन्या उघडतात तिथे, नेलं. माझ्या मराठीने त्यांचा जीव वाचला असं मी म्हणणार नाही. घाम फुटलेली सत्तरीची मधुमेही बाई पाहिली की चांगला ईएमटी पॅरामेडिक मागवतोच, आणि माझ्या सहकाऱ्यानेही दोन-चार मिनिटांत मागवले असते. पण ती दोन-चार मिनिटं वाचली. आणि गाडीत चढवताना त्यांनी माझी बाही धरून विचारलं, "तू कुठला रे?" हा प्रश्न त्या अवस्थेत एखाद्याला विचारता येतो, हे मला फार मोठं वाटलं.

तेव्हापासून मी एक वही ठेवलीय. कळ, चमक, ठणका, जडपणा, मुंग्या, भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात ढवळणं, छातीत धडधड, धाप. प्रत्येकापुढे डॉक्टरला कळेल असं इंग्रजी. स्क्वॉडमधले अमराठी सहकारी त्यातले पाच-सहा शब्द आता स्वतः ओळखतात. आपल्या गावांत दर उन्हाळ्यात कितीतरी आई-वडील येऊन राहतात, आणि दिवसा घरी तेच एकटे असतात. त्यांच्या दाराशी मराठी कळणारा माणूस पोचावा, असं मला मनापासून वाटतं. (घरात बूट काढता येत नाहीत, तेवढं मात्र त्यांना खटकतं. मी माफी मागून आत जातो.)

एवढं वाचून स्क्वॉडकडे निघाला असाल तर जरा थांबा. ते काम मनावर जास्त येतं. साडेतीन वर्षं फायरमध्ये मी एकही मृत्यू जवळून पाहिला नाही. अ‍ॅम्ब्युलन्सवर पहिल्या चार महिन्यांत तीन पाहिले. दिवाणखान्यात सोफा बाजूला सारून आपण छाती दाबत असतो आणि भिंतीशी शाळेचं दप्तर असतं. ते दप्तर मला कधीकधी अजून दिसतं. असा कॉल झाल्यावर स्क्वॉडमध्ये सगळ्यांना एकत्र बसवून बोलतं करतात. त्या बैठकीला जायचं, 'मला काही झालं नाही' म्हणून टाळायचं नाही. शिवाय प्रत्येक कॉलनंतर अर्धा-पाऊण तास टॅब्लेटवर अहवाल लिहायचा, पहाटे चार वाजता असला तरी. आणि पेशंटचं पुढे काय झालं ते बहुतेक वेळा कळतच नाही. आजींचंही मला कळलं नाही.

फायर कुणाला शोभेल? ज्याला चार-पाच जणांच्या तुकडीत, एकमेकांच्या खांद्याला हात लावून काम करायला आवडतं, ज्याला पंप, शिड्या, इमारतीची बांधणी यांत रस आहे, जो वाट पाहू शकतो. फायरहाऊसमधली सोमवारची ड्रिल आणि नंतरचं एकत्र जेवण, तसा जिव्हाळा मला स्क्वॉडमध्ये मिळाला नाही. तिथे आपण दोघं-तिघं, आणि शिफ्ट संपली की आपापल्या घरी. पंचविशीतला धडधाकट मुलगा विचारायला आला तर मी त्याला आधी फायरचंच दार दाखवीन. चाळिशीतल्या, घरी म्हातारे आई-वडील येऊन-जाऊन असणाऱ्या माणसाला मात्र मी स्क्वॉडकडे वळवीन.

खर्चाची काळजी दोन्हींकडे फारशी नाही. फायरचं प्रशिक्षण काउंटीच्या अकादमीत होतं. स्वयंसेवकांच्या ईएमटी कोर्सचा खर्च राज्याचा एक निधी उचलतो, जो वाहतूक दंडांतून जमा होतो. व्हिसावर असाल तर एक खबरदारी घ्या. काही ठिकाणी स्वयंसेवकांना कॉलमागे थोडं मानधन किंवा वर्षांच्या सेवेमागे ठेव मिळते. ते स्वीकारण्याआधी आपल्या इमिग्रेशन वकिलाला विचारा.

दोन्हींकडे एकेका संध्याकाळी जाऊन बसा. दोन्हींकडे लोक आनंदाने चहा-कॉफी देतील, गाड्या दाखवतील. किती कॉल येतात ते तर सगळेच विचारतात. त्यातले किती, दाराशी पोचण्याआधी, वाटेतच रद्द होतात, हेही विचारा, आणि त्या उत्तरावर तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते बघा.